बायबल शब्दशः वाचायचं म्हणजे नक्की कसं, आणि त्या सात युगांच्या चार्टचं काय करायचं

सलाम बाळा. तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तू गडहिंग्लजकडचा, सध्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कामाला आहेस, गेलं वर्षभर एका फेलोशिपला, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थना-गटाला, जातोस. तिथं सात युगं, रॅप्चर (म्हणजे विश्वासणाऱ्यांना प्रभू अचानक वर उचलून घेईल ते), सात वर्षांचं महासंकट आणि हजार वर्षांचं राज्य असं शिकवलं, आणि वर असंही सांगितलं की हे मानणं म्हणजेच बायबल शब्दशः मानणं, जुन्या मंडळीवाले, म्हणजे जुन्या चर्चचे लोक, सगळ्याचा आध्यात्मिक अर्थ लावतात म्हणजे त्यांचा वचनावर पूर्ण विश्वास नाही. घरी आजी जुन्या मंडळीतली, तिला हे पटत नाही, जेवायला बसलं की वाद. आणि अगदी शेवटी एका ओळीत विचारलंयस की प्रभू लवकरच येणार असेल तर घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढावं का.

मला तो शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटला, त्याच्यावर शेवटी येतो. मी गेली पस्तीस वर्षं इकडं कोल्हापूर, पन्हाळा, राधानगरी भागात मंडळ्यांमधून शास्त्र शिकवतोय, आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं मी स्वतः तोच चार्ट घेऊन फिरायचो, पांढऱ्या मांजरपाट कापडावर रंगवलेला, सात गोल आणि मधून वर जाणारा बाण. त्यामुळं तुझ्या फेलोशिपच्या भावांना मी परका नाही, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलायला हे लिहीत पण नाही. त्यांच्यामुळंच मी दानीएल आणि यहेज्केल पहिल्यांदा नीट वाचला, हे मला कायम मान्य आहे.

आधी 'शब्दशः' हा शब्द सोडवू कारण सगळा घोळ तिथंच आहे. 2019 चा महापूर आठव. पाटबंधारे खात्याचा आकडा आला की राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलंय. त्याच दिवशी मुंबईच्या भाच्याला फोनवर आपण काय सांगत होतो, "अख्खं कोल्हापूर पाण्यात गेलं रे." आणि कुणीतरी कविता लिहिली असणार की पंचगंगा कोपली. आता यातलं खरं कुठलं? तिन्ही खरं. पण आकडा आकड्यासारखा वाचायचा, फोनवरचं बोलणं बोलण्यासारखं आणि कविता कवितेसारखी. भाच्यानं उद्या येऊन म्हटलं की मामा तुम्ही खोटं बोललात, राजारामपुरी तर कोरडी होती, तर आपण म्हणू अरे बाबा तुला मराठी कळत नाही का. मार्कच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की सगळं शहर दाराशी लोटलं होतं, तिथं मार्कला खानेसुमारी करायची नाही, आपण जसं म्हणतो की मिरवणुकीला बिंदू चौकात अख्खं गाव लोटलेलं तसंच ते आहे. स्तोत्र 98 मध्ये नद्या टाळ्या वाजवतात. येशू म्हणतो मी दार आहे. हेरोदाला तो कोल्हा म्हणतो. यात शब्दशः अर्थ म्हणजे लेखकाला जो अर्थ सांगायचा होता तो, ज्या प्रकारचं लिखाण आहे त्या प्रकारानं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंतानं हेच मांडलंय की उपमा-रूपकातून लेखक जे सांगतो ते शब्दशः अर्थातच मोडतं, म्हणजे 'देवाचा हात' म्हटलं की शब्दशः अर्थ देवाचं सामर्थ्य, पाच बोटं नव्हे.

आणि हे तुझ्या फेलोशिपच्या बाजूचे मोठे शिक्षक पण मान्य करतात बरं का. चार्ल्स रायरी म्हणून अमेरिकेतले डिस्पेन्सेशनल, म्हणजे ही सात युगांची मांडणी शिकवणारे, शिक्षक होते, त्यांनी 1965 साली स्पष्ट लिहिलं की शब्दशः म्हणजे सरळ, नेहमीचा अर्थ, आणि त्यात अलंकार धरलेच आहेत. त्यामुळं आजीच्या बाजूचे लोक जे म्हणतात की "ते लोक सगळं अक्षराला धरून वाचतात, त्यांना रूपक कळत नाही", ते पण चूक आहे. त्यांना कळतं. भांडण तिथं नाहीच. जुने प्रोटेस्टंट सुधारक, लूथर काय कॅल्व्हिन काय, सगळे शब्दशः अर्थाचेच कैवारी होते, आणि त्यातल्या कुणालाही सात युगांचा चार्ट माहीत नव्हता. म्हणजे शब्दशः वाचन ही एक गोष्ट आणि डिस्पेन्सेशनल मांडणी ही दुसरी, आणि या दोन्ही एकच आहेत असं तुला सांगितलं गेलं तिथं तुझी दिशाभूल झाली, मुद्दाम नसेल पण झाली.

आता ही मांडणी काय आहे ते बघू. डिस्पेन्सेशन म्हणजे ग्रीकमध्ये ओइकोनोमिया, ओइकोस म्हणजे घर आणि त्याचा कारभार. आपल्याकडं बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात ना, अगदी तोच शब्द, लूक 16 मधल्या दाखल्यातला अन्यायी कारभारी म्हणजे ओइकोनोमोस. पौल इफिसकरांसच्या पहिल्या आणि तिसऱ्या अध्यायात हाच शब्द देवाच्या कारभारासाठी वापरतो. मग देवानं जगाचा कारभार वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीनं चालवला हे तर शास्त्रातच आहे, आदाम बागेत असताना जे होतं ते नोहाच्या वेळी नाही, मोशेच्या नियमशास्त्राखाली डुक्कर निषिद्ध आणि पेत्राला चादरीचा दृष्टान्त झाल्यावर नाही. हे कुठलाही ख्रिस्ती नाकारत नाही. जुन्या प्रेस्बिटेरियन (हा एक प्रोटेस्टंट पंथ) लोकांचा जो वेस्टमिन्स्टर विश्वासदर्शक आहे सतराव्या शतकातला, त्याच्या सातव्या प्रकरणात चक्क 'डिस्पेन्सेशन' हा शब्द आहे, पण तिथं म्हटलंय की कृपेचा करार एकच, फक्त वेगवेगळ्या डिस्पेन्सेशनमध्ये. म्हणजे शब्दावरून भांडायचं कारण नाही.

मग भांडण कशावरून? ते समजायला आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घेतो. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, पुढं 1960 ला महाराष्ट्र. माणसं तीच, शेत तेच, विहीर तीच, पण कारभार बदलला. आता माझ्या पणजोबाला संस्थानानं एखादं वचन दिलं असेल तर ते कुणी पाळायचं? नव्या सरकारनं ते स्वतःकडं घेतलं आणि आणखी पुष्कळ लोकांना त्यात सामील करून घेतलं असं म्हणायचं, की ते वचन बाजूला कुलपात ठेवलंय आणि संस्थान परत आल्यावर जसंच्या तसं पुरं होणार असं म्हणायचं? उदाहरण फार ताणू नको, देवाचं राज्य कधी विलीन झालेलं नाही, पण प्रश्न नेमका हाच आहे. देवानं अब्राहामाला, दाविदाला, इस्राएलाला जी वचनं दिली, देश, सिंहासन, मंदिर, ती ख्रिस्तात आणि त्याच्या मंडळीत पुरी होतात, की मंडळी हा मधला वेगळा कारभार आहे आणि इस्राएलाचं खातं वेगळं चालू आहे? डिस्पेन्सेशनल मांडणीचा कणा म्हणजे इस्राएल आणि मंडळी वेगळे ठेवणं. सात युगं हा कणा नाही, कुणी चार मोजतो, कुणी आठ.

ती सात तुला पाठ आहेतच, निष्पापता, विवेकबुद्धी, मानवी सत्ता, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य. ही यादी स्कोफिल्डच्या संदर्भ बायबलमुळं घरोघरी गेली. त्याआधी आयर्लंडमध्ये जॉन नेल्सन डार्बी, जन्म 1800, चर्च ऑफ आयर्लंडचा पाळक, तो बाहेर पडला आणि ब्रदरन मंडळ्यांमध्ये 1830 च्या सुमारास त्यानं हे शिकवायला सुरुवात केली की मंडळी आधी गुपचूप वर घेतली जाईल आणि मग इस्राएलाची गोष्ट पुढं चालू होईल. अमेरिकेत सायरस स्कोफिल्ड, मूळचा वकील, त्यानं 1909 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडून असं बायबल छापलं की ज्याच्या पानावर वर वचन आणि खाली त्याच्या टिपा. लोकांनी वचन आणि टिपा एकाच डोळ्यानं वाचल्या, आणि माझ्या मते या मांडणीच्या यशाचं अर्धं कारण ते पानच आहे. पुढं 1924 ला लुईस चेफर यांनी डॅलसमध्ये सेमिनरी, म्हणजे पाळक-शिक्षक घडवणारी शाळा, काढली, तिथून शिकलेल्या शिक्षकांची पुस्तकं आणि प्रवचनं जगभर गेली आणि आज यूट्यूबवर तू जे ऐकतोस त्यातलं पुष्कळसं तिथूनच झिरपत आलेलं आहे.

यात कोल्हापूरचा एक धागा आहे, तो आजीला जरूर सांग, तिला आवडेल. 1852 साली रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी कोल्हापुरात आले, त्यांच्या कामातूनच पुढं इथलं प्रेस्बिटेरियन मिशन उभं राहिलं, 1870 पासून ते अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाकडं. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथं कोल्हापुरातच 1863 ला जन्मला, आणि 1886 मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात ज्या विद्यार्थ्यांमधून मोठी मिशनरी चळवळ उठली त्यांच्या पुढाऱ्यांपैकी तो एक. वाइल्डर अमेरिकेला परतल्यावर त्यांनी 1878 ला एक मिशनरी नियतकालिक सुरू केलं होतं, 1887 ला ते वारल्यावर ते आर्थर पियर्सन यांच्याकडं गेलं. आणि हेच पियर्सन पुढं स्कोफिल्ड बायबलच्या सल्लागार संपादकांमध्ये आहेत, आणि ते स्वतः मूळचे प्रेस्बिटेरियन पाळक. स्कोफिल्डचे गुरू जेम्स ब्रूक्स ते पण प्रेस्बिटेरियन पाळक. म्हणजे तू समजतोस तसं एका बाजूला जुनी मंडळी आणि दुसऱ्या बाजूला सात युगंवाले अशी भिंत कधी नव्हती, एकाच घरात दोन्ही माणसं एकत्र प्रार्थना करायची. नंतर ताण आला हे खरं, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या प्रेस्बिटेरियन चर्चनं 1944 साली ही शिकवण आपल्या विश्वासदर्शकाशी जुळत नाही असं ठरवलं. पण ज्यांनी आपल्याकडं सुवार्ता आणली त्यांची पुढची पिढी या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झगडत होती एवढं लक्षात ठेव.

आता माझं मत. या मांडणीनं एक गोष्ट फार मोलाची केली, देवानं इस्राएलाला दिलेला शब्द हवेत विरून गेला असं म्हणू दिलं नाही. रोमकरांस 11 मध्ये पौल अगदी पोटतिडकीनं सांगतो की देवानं आपल्या लोकांना टाकलेलं नाही. मंडळीच्या इतिहासात यहुद्यांचा जो छळ झाला त्याला "आता त्यांचं देवाशी काही राहिलं नाही" या शिकवणीनं खतपाणी घातलं, ते पाप आहे, आणि त्याविरुद्ध ही मांडणी उभी राहिली याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्याच 11 व्या अध्यायात जैतुनाचं झाड एकच आहे रे. काही फांद्या तोडल्या, रानटी जैतुनाच्या फांद्या कलम केल्या, आणि तोडलेल्या परत कलम होऊ शकतात, त्याच झाडाला. दोन झाडं नाहीत. आपल्याकडं हापूसचं कलम बांधणारा कुणी माळी विचार, कलम झाल्यावर मुळाचं पाणी दोघांना एकच.

आता शब्दशः वाचण्याची खरी कसोटी कुठं लागते ते सांगतो. यिर्मया 31 काढ. देव म्हणतो मी इस्राएल घराण्याशी आणि यहूदा घराण्याशी नवा करार करीन. अक्षरशः कुणाशी? इस्राएल आणि यहूदा. आणि आपण दर प्रभुभोजनाला काय म्हणतो, हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे. इब्री लोकांस पत्राचा आठवा अध्याय हाच यिर्मया पूर्ण उतरवतो आणि येशूला त्याचा मध्यस्थ म्हणतो. आता इस्राएल आणि मंडळी पूर्ण वेगळे ठेवायचे असतील तर इथं अडचण होते, इतकी की चेफरसारख्या माणसानं दोन नवे करार मानले, एक इस्राएलासाठी, एक मंडळीसाठी. मी त्या काळात ते शिकवलंय. एक दिवस तयारी करताना माझ्याच लक्षात आलं की यिर्मयात एक, लूकमध्ये एक, इब्रीमध्ये एक, दुसरा करार मी कुठल्या वचनातून आणला? चार्ट वाचवायला आणला. त्या दिवसापासून माझा चार्ट ढिला पडायला लागला. आजचे बहुतेक डिस्पेन्सेशनल शिक्षक सुद्धा दोन करारांची ही बाजू सोडून आलेत, 1980-90 च्या दशकात ब्लेझिंग, बॉक, सॉसी वगैरे लोकांनी जी नवी मांडणी केली त्यात मंडळीला नव्या करारात आत्ताच वाटा आहे, दाविदाच्या राज्याची सुरुवात ख्रिस्ताच्या पुनरुत्थानापासूनच झाली असं ते मानतात. हे तुझ्या फेलोशिपमध्ये कुणी सांगितलं नसेल, विचारून बघ, आदरानं विचार.

दुसरी जागा यहेज्केल 40 ते 48. मंदिराची मापं, दारं, ओवऱ्या, आणि पापार्पणं सुद्धा. शब्दशः घेतलं तर हजार वर्षांच्या राज्यात परत बोकड कापायचे, आणि तिकडं इब्री 10 म्हणतं की पापांची क्षमा झाली तिथं पुढं अर्पण नाही. स्कोफिल्डच्या टिपेत तोडगा काढला की ती अर्पणं आठवणीसाठी असतील. पण यहेज्केल तर प्रायश्चित्त म्हणतो, आठवण म्हणत नाही, मग शब्दशः कुठं राहिलं? आणि 1967 च्या सुधारित स्कोफिल्ड बायबलमध्ये तर पर्यायी टीप आली की ही अर्पणं शब्दशः घेऊ नयेत. हे मी त्यांना चिमटा काढायला सांगत नाही, उलट त्यांच्या प्रामाणिकपणाचं मला कौतुक आहे. सांगायचं एवढंच की प्रत्येक जण कुठं ना कुठं थांबून म्हणतोच की इथं अक्षरापलीकडं काहीतरी आहे. प्रश्न हा असतो की कुठं थांबायचं हे कोण ठरवतं, आणि माझं उत्तर की नवा करार लिहिणाऱ्या प्रेषितांनी जुना करार कसा वाचला ते बघ आणि त्यांच्या मागून चाल. यरुशलेमच्या सभेत, कृत्ये 15, याकोब आमोसाचं वचन काढतो, दाविदाचा पडलेला डेरा मी पुन्हा उभारीन, आणि ते कशाला लावतो? परराष्ट्रीय लोक आत्ता प्रभूकडं येताहेत त्याला. होशेय म्हणतो मी माझ्या पुत्राला मिसरातून बोलावलं, तो पुत्र इस्राएल, आणि मत्तय तेच येशूला लावतो. पौल गलतीकरांस 4 मध्ये हागार आणि सारा यांना दोन करार म्हणतो. ही माणसं वचनाला हलकं लेखणारी होती असं कोण म्हणेल?

दानीएलाची सत्तर सप्तकं यावर एक पूर्ण महिना जाईल, थोडक्यात सांगतो. दानीएल 9 मधल्या भविष्यवाणीत एक सप्तक सात वर्षांचं धरतात, म्हणून एकोणसत्तर सप्तकं म्हणजे 483 वर्षं, आणि या बाजूच्या सर रॉबर्ट अँडरसन या लेखकानं 360 दिवसांचं वर्ष धरून 1,73,880 दिवस मोजून ते येशूच्या यरुशलेम प्रवेशापर्यंत आणले, ते ऐकून माणूस भारावून जातो, मी पण गेलो होतो. पण मग सत्तरावं सप्तक तोडून दोन हजार वर्षं पुढं ढकलायचं आणि मधल्या फटीत मंडळी बसवायची, हे वचनात लिहिलेलं नाही, तो निष्कर्ष आहे. चुकीचाच आहे असं मी म्हणत नाही, नासरेथच्या सभास्थानात येशूनं यशया 61 वाचताना सूड घेण्याच्या दिवसाआधीच गुंडाळी बंद केली, तेव्हा भविष्यवाणीत मध्ये अंतर असू शकतं हा त्यांचा मुद्दा चांगला आहे. पण निष्कर्षाला निष्कर्ष म्हणावं. एकोणसत्तर सलग मोजायची आणि सत्तरावं नाही, याला शब्दशः नाव देऊन दुसऱ्याचा विश्वास मोजू नये.

आणि रॅप्चर. 1 थेस्सलनीकाकरांस 4:17. आपल्या मराठी बायबलात तिथं फार सुंदर शब्द आहे, प्रभूला 'सामोरे' होण्यासाठी. ग्रीकमध्ये आपान्तेसिस. हाच शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात आहे, वराला सामोऱ्या जा, आणि हाच कृत्ये 28 मध्ये, पौल रोमजवळ आला तेव्हा तिथले बंधू त्याला सामोरे आले. आता सामोरं जाणं म्हणजे काय हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला नको. गावात पालखी येते, मोठा पाहुणा येतो, तेव्हा आपण वेशीपर्यंत जातो, आणि मग काय करतो? त्याच्याबरोबर तिथूनच दुसऱ्या गावाला निघून जातो का? वाजत गाजत त्याला घेऊन गावात परत येतो. रोमच्या बंधूंनी तेच केलं. मला आता हे वचन असंच दिसतं, राजा येतोय, त्याचे लोक त्याला सामोरे जातात आणि त्याच्याबरोबर परत येतात. एका शब्दावर सगळं ठरत नाही हे मला माहीत आहे, डिस्पेन्सेशनल भाऊ म्हणतील की योहान 14 मध्ये पित्याच्या घरी न्यायचं म्हटलंय, त्याचाही विचार करायला हवा. पण पौल ते लिहितो कशासाठी ते बघ, थेस्सलनीकाच्या लोकांची माणसं वारली होती, ते रडत होते, आणि शेवटचं वाक्य आहे की या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या शिकवणीनं माझी आई मागं राहिली तर, माझा नवरा मागं राहिला तर, अशी धास्ती घेऊन बायका रात्री झोपत नाहीत, त्या शिकवणीनं हे वचन उलटं करून ठेवलंय. असं घरात झालेलं मी बघितलंय म्हणून जरा जोरात बोलतोय.

माझा चार्ट मी कायमचा गुंडाळला ते मात्र कुठल्या पुस्तकामुळं नाही. राधानगरीच्या पुढं एका वाडीत तीन दिवसांची सभा होती, कंदिलावर. मी शिकवत होतो की डोंगरावरचं प्रवचन हे मुख्यतः येणाऱ्या राज्याचं नियमशास्त्र आहे, मंडळीसाठी थेट नाही, स्कोफिल्डच्या टिपेत तसंच होतं आणि मी तसंच सांगितलं. एक म्हातारी उठली. म्हणाली, "मंग येशूनं डोंगरावर सांगिटलं ते आमच्यासाठनं न्हाय व्हय?" मी समजावायला लागलो. तिनं मला थांबवलं. "न्हाय, म्या का इचारतीया, माझ्या दिराचं आन माझं बांधावरनं भांडण हाय. वैऱ्यासाठी प्रार्थना करा म्हटलंय म्हणून म्या पंधरा वरीस त्याच्यासाठी प्रार्थना करतीया. ती करू का नको?"

मला काहीच बोलता आलं नाही. मी म्हटलं, आजी करा. त्या रात्री मी मत्तय 28 काढला, मी तुम्हांला आज्ञापिलं ते सर्व पाळायला त्यांना शिकवा. सर्व. आणि हे सगळ्या राष्ट्रांना शिकवायचंय, म्हणजे आपल्याला. न्याय करायचा तर नंतरच्या पुष्कळ डिस्पेन्सेशनल शिक्षकांनी पण ही टोकाची बाजू सोडली आहे. पण ती म्हातारी वाचायला शिकलेली नव्हती, तिनं ऐकून ऐकून येशूचं वाक्य शब्दशः धरलं होतं, आणि मी शब्दशः शिकवणारा शिक्षक तिला त्यातून सूट देत होतो.

तारखांबद्दल एवढंच की 1988 मध्ये एडगर व्हिसनंट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं 88 कारणं देऊन त्या वर्षी सप्टेंबरात रॅप्चर होणार असं छापलं, हिशोब असा की 1948 ला इस्राएल राष्ट्र झालं आणि एक पिढी चाळीस वर्षांची. काही झालं नाही. डिस्पेन्सेशनल सेमिनरीतले जबाबदार शिक्षक तारखा काढायला कायम विरोधच करत आलेत, त्या दोघांना एका पोत्यात घालू नकोस. पण 2019 च्या पुरात, नंतर कोविडात, मग परत 2021 च्या पुरात, दर वेळी व्हॉट्सअपवर तेच फिरलं, आणि आजच्या इस्राएलच्या प्रत्येक बातमीला एक वचन चिकटवणं हे तर रोजचं झालंय. बेथलेहेमात आणि आसपास आपलेच ख्रिस्ती भाऊबहीण पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यांची आठवण त्या व्हिडिओंमध्ये कुणाला होत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आजीच्या बाजूला पण एक सांगायचंय, तिला वाचून दाखव. जुन्या मंडळ्यांनी प्रकटीकरण आणि दानीएल शिकवणं जवळजवळ सोडूनच दिलं. पोरांनी विचारलं की "ते गूढ आहे" म्हणून गप्प केलं. प्रकटीकरण 20 मध्ये हजार वर्षं सहा वेळा आलंय, त्याचं काय, असं कुणी विचारलं तर पाचव्या शतकातल्या ऑगस्टिन या ख्रिस्ती विचारवंतापासून लोक त्याला मंडळीचाच काळ समजतात हे तरी सांगायला हवं होतं, आणि त्याच्याही आधी जस्टिन मार्टिर, इरेनियस हे लोक खरंखुरं हजार वर्षांचं राज्य मानायचे हेही सांगायला हवं होतं. जस्टिननं तर लिहिलंय की मी हे मानतो पण शुद्ध विश्वासाचे पुष्कळ ख्रिस्ती वेगळं मानतात. दुसऱ्या शतकातला माणूस, पुढं ख्रिस्तासाठी जीव दिलेला, आणि एवढ्या शांतपणे लिहितो. मी स्वतः आज येशू परत येऊन राज्य करेल असंच मानतो, इस्राएलासाठी देवाकडं अजून काहीतरी आहे असंही मानतो, पण देवाचे लोक एकच आणि ख्रिस्तात भिंत पडलेली आहे, इफिसकरांस 2, ती आपण परत बांधायची नाही. यापुढचं मी मुठीत घट्ट धरत नाही.

तर करायचं काय. फेलोशिप सोडू नकोस, तिथं तुला वचनाची भूक लागली हे सोपं नाही. फक्त चार्टच्या आधी पुस्तक वाच. दानीएल 9 शिकवला की घरी जाऊन दानीएलची प्रार्थना पहिल्यापासून वाच, तो पापांची कबुली देतोय, गणित घालत नाहीये, मग त्याला उत्तर म्हणून सत्तर सप्तकं येतात. टिपा असलेलं बायबल असेल तर दोन महिने बिनटिपांचं वापर. आणि रोज रात्री जेवणाआधी आजीबरोबर एक अध्याय, रोमकरांस 9 ते 11 पासून सुरू करा, वाद न घालता, आळीपाळीनं वाचायचा. तिला दिसत नसेल तर तू वाच.

आणि कर्जाचं. यिर्मया 31 च्या नंतर 32 येतो. नव्या कराराची भविष्यवाणी सांगून झाली आहे, बाबेलचं सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलंय, शहर पडणार हे यिर्मयाला देवानंच सांगितलंय, स्वतः तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. आणि तेव्हा देव त्याला सांगतो की अनाथोथचं शेत विकत घे. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदार बोलावले, खरेदीखतावर शिक्का, एक मोहोरबंद प्रत आणि एक उघडी प्रत, आणि ती मातीच्या मडक्यात ठेवायला लावली, पुष्कळ दिवस टिकावी म्हणून. अख्ख्या बायबलमध्ये जमिनीच्या व्यवहाराचं इतकं बारीक वर्णन क्वचितच सापडेल, अगदी आपल्या दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात बसल्यासारखं. शेवट जवळ आलाय हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? तरी त्यानं शेत घेतलं.

हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसत असेल तर घे घर. पूररेषेचा नकाशा बघून घे, आणि टायटल सर्च एखाद्या चांगल्या वकिलाकडून करून घे. घरभरणीला मला बोलाव, मी येतो, आणि तुझ्या फेलोशिपच्या पास्टरांनाही बोलाव, प्रार्थना त्यांनी करावी.